पावसाळ्यात कचऱ्याच्या डब्यात अळ्या : रोज फिनाईल घालूनही त्या का होतात?

अनगोळची गृहिणी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही बेळगावात अनगोळ भागात तळमजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई, दीड वर्षाची मुलगी आणि सासूबाईंच्या लाडाची एक मांजर आहे. ओट्याखाली ओल्या कचऱ्यासाठी पायाने दाबून उघडण्याचा प्लास्टिकचा डबा आहे, सुक्या कचऱ्यासाठी वेगळी टोपली आहे, आणि मागच्या दाराशी झाकणाची मोठी बादली आहे. कचऱ्याची गाडी सकाळी येते, पण ती वेळ नेमकी आम्हा दोघांच्या घाईची असते आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे बादली उचलवत नाही. त्यामुळे आमचा ओला कचरा एक दिवसाआड, क्वचित दोन दिवसांनी जातो. ही चूक आमचीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

उन्हाळ्यात फारसा त्रास नव्हता. मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून मात्र डब्याशेजारी उभे राहवत नाही. गेल्या रविवारी श्रावण लागण्यापूर्वी एकदा म्हणून बांगडे आणले होते. त्यांची डोकी आणि आतडी कागदात गुंडाळून डब्यात टाकली. सोमवारी संध्याकाळी घरी येऊन पाहते तर ओट्याखालच्या भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या चढत होत्या. सासूबाईंनी त्याच क्षणी मासे बंद केल्याचे जाहीर केले. रोज सकाळी मी डब्यात फिनाईलची दोन झाकणे ओतते, डांबराच्या दोन गोळ्याही तळाशी ठेवल्या आहेत, तरीही हा प्रकार घडला. याखेरीज ओट्यावर चिलटे घोंगावत असतात. मागच्या दाराची बादली रात्री कोणीतरी आडवी करते. मांजर असूनही तसे होते, त्यामुळे ती घूस असावी असा आमचा कयास आहे. शेजारच्या काकू उंदीर मारण्याचे औषध ठेवायला सांगतात, पण मूल आणि मांजर घरात असताना ते ठेवण्याचे धाडस होत नाही.

मुलीचे डायपरही याच डब्यात जातात. फिनाईलचे प्रमाण वाढवावे का, डबा कशाने आणि किती दिवसांनी धुवावा, आणि घुशीचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टिळकवाडीतील निवृत्त शिक्षक

ताई, आपण दिलेल्या माहितीतच उत्तराचा मोठा भाग दडलेला आहे. मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे माशीच्या जीवनक्रमाकडे पाहण्याची खोड आता जाणार नाही. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपण बांगड्यांना दोष देत आहात, पण मला ते निर्दोष वाटतात. घरमाशी एका वेळी साधारण १०० ते १५० अंडी घालते. उबदार हवेत ती अंडी एका दिवसाच्या आतच फुटतात आणि बाहेर पडलेली अळी डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी बारीक असते. ती पुढचे चार ते सात दिवस ओल्या, कुजणाऱ्या पदार्थात तोंड खुपसून खात राहते आणि या काळात डबा सोडून कोठेही जात नाही. पूर्ण वाढ झाल्यावर मात्र तिला कोष करण्यासाठी कोरडी जागा हवी असते, आणि तेव्हाच ती ओल सोडून भिंतीवर, फरशीच्या सांध्यात किंवा पायपुसण्याखाली जाते. माशांचा एक प्रकार अंड्यांऐवजी थेट जिवंत अळ्या सोडतो, हे खरे आहे, आणि मासळीवर त्या माश्या येतातही. तरीसुद्धा रविवारी दुपारी पडलेली अळी सोमवारी संध्याकाळी भिंत चढणार नाही. भिंतीवर आपण पाहिलेल्या अळ्या किमान चार-पाच दिवसांच्या असल्या पाहिजेत.

आता प्रश्न असा उरतो की, जर आपण डबा एक दिवसाआड किंवा फार तर दोन दिवसांनी रिकामा करत असाल, तर या अळ्या पाच दिवस राहिल्या कोठे? माझा तर्क असा आहे की आपल्या डब्यात अशी एखादी जागा आहे, जी कधीच रिकामी होत नाही. पायाने दाबून उघडणाऱ्या डब्यांमध्ये बहुधा आत एक सुटी बादली असते आणि बाहेर कवच असते. आपण रोज बादली काढतो, ओततो, धुतो आणि परत ठेवतो. कवच मात्र जागचे हलत नाही. बादलीच्या काठावरून ओघळलेले आमटीचे पाणी, भाताची शिते आणि चहाचा चोथा त्या कवचाच्या तळाशी जमतो. तिथे अंधार असतो, ऊब असते आणि ओल असते. माशीला याहून अधिक काय हवे? आज ती आतली बादली काढून कवचात विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. त्याबरोबर झाकणाची बिजागरी आणि डब्याच्या काठाची आतून वळलेली कडही पाहावी, कारण हात त्या कडेखाली सहसा पोहोचत नाही.

फिनाईलविषयी थोडे स्पष्ट बोलतो. ते पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होते आणि घरभर वास सुटतो, त्यामुळे स्वच्छता झाल्याचे समाधान लगेच मिळते. परंतु कचऱ्यावर वरून ओतलेले फिनाईल वरच्या थरालाच लागते. गुंडाळलेल्या सालींच्या पोटात अंडी असतात, तिथे ते जात नाही, आणि त्या दोन झाकणांसोबत जे पाणी आपण ओतत असाल, ते तळाशी साचून अळ्यांना हवी तेवढी ओल पुरवते. प्रमाण वाढवू नये. उलट ते ओतणे बंदच करावे. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या बंद पेटीत कसरीवर चालतात, कारण तिथे त्यांची वाफ कोंडून राहते. उघडझाप होणाऱ्या डब्यात त्यांचा उपयोग नाही. शिवाय दीड वर्षाचे मूल त्या गोळ्या गोड समजून तोंडात घालू शकते, म्हणून त्या आजच काढून टाकाव्यात.

आणखी एक गोष्ट. अंडी बहुतेक वेळा डब्यात पडत नाहीत, ओट्यावर पडतात. सकाळी चिरलेल्या भाजीचे देठ आणि केळ्याची साल दुपारपर्यंत ताटलीत उघडी राहिली की माशी तिथेच आपले काम उरकते आणि आपण ती अंडी झाकणबंद डब्यात सुरक्षित नेऊन ठेवतो.

खानापूर तालुक्यातून

सरांनी कारण नेमके सांगितले आहे, म्हणून मी फक्त घरातली रीत सांगते. आमच्याकडे पाऊस बेळगावपेक्षा पुष्कळ जास्त पडतो. जून ते सप्टेंबर अंगणात कपडा वाळत नाही, तर कचरा कुठला वाळणार? त्यात आमच्या भागात फणसाचा सुकाळ. एक फणस फोडला की गरे ताटभर आणि साल, पाव (मधला दांडा), चारखंडे (गऱ्यांभोवतीचे तंतू) मिळून घमेलेभर कचरा होतो. तो एका रात्रीत आंबतो आणि सकाळी चिलटांचा ढग उठतो. या फणसानेच मला कचरा सांभाळायला शिकवले, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या घरी ओला कचरा थेट डब्यात जात नाही. मोरीच्या कडेला एक जुनी ॲल्युमिनियमची चाळण ठेवली आहे. भाजीचे देठ, चहाचा चोथा, उष्टे-खरकटे आधी तिच्यात पडते, वर ताटली झाकलेली असते, आणि अर्ध्या-पाऊण तासात त्यातले पाणी निथळून जाते. मग तो ऐवज वर्तमानपत्रात पुडी बांधून डब्यात जातो. डब्याच्या तळाशी दोन मुठी भाताचे तूस पसरलेले असते आणि प्रत्येक पुडीवर आणखी एक मूठ पडते. गिरणीत भात भरडून आणला की तुसाची पोती घरात असतातच. शहरात मिळत नसेल तर वखारीतला लाकडाचा भुसा चालेल. सासूबाईंच्या काळी चुलीची राख टाकत असत, आणि ती रीत चुकीची नव्हती, कारण राख ओल शोषते. फक्त तो कचरा खतासाठी वापरायचा असेल तर राख चिमूटभरच बरी. जास्त झाली की खड्ड्यातून नाक झोंबणारा वास येऊ लागतो.

कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे डब्याला आतून पिशवी लावण्याची सवय आम्ही तेव्हाच मोडली. जुन्या ‘तरुण भारत’ची दोन पाने आडवी-उभी लावली की तळ झाकतो, आणि ओतताना सगळे एकगठ्ठा बाहेर येते. पिशवीत पाणी साचून राहते, कागद ते पिऊन टाकतो. मला तर कागदच सरस वाटतो.

मासळीचे मात्र वेगळे. कोळंबीची टरफले आणि मासळीचे पोटातले सामान मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवते आणि कचरा नेण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढते. गोठलेल्या मासळीवर माशी बसत नाही आणि वासही सुटत नाही. घरात पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा ‘कचरा काय फ्रीजमध्ये ठेवायची वस्तू आहे काय?’ म्हणून पुष्कळ हशा पिकला होता. डब्यावर रंगाने खूण केली आहे, नाहीतर एकदा पाहुण्यांनी तो बर्फाचा म्हणून काढला होता. आपल्या सासूबाईंना ही युक्ती पटली तर मासेबंदी उठण्याची आशा आहे.

आपल्याकडे मागे थोडी माती असेल तर भाजीपाल्याचा कचरा गाडीची वाट पाहत ठेवूच नये. आमच्या परड्यात दोन खड्डे आहेत. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळला पाला आणि वर ओंजळभर माती, एवढा नियम पाळला तर माशा फिरकत नाहीत. पावसाळ्यात वर पत्रा हवा, नाहीतर खड्ड्याचे डबके होते. मूठभर खत पिळून पाहावे. बोटांतून पाणी गळले तर वाळला पाला घालावा. कधी त्यात मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या दिसतील. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी चावत नाही, ताटावर बसायला घरात येत नाही आणि तिच्या अळ्या कचरा भराभर संपवतात, म्हणून त्यांना पाहून खड्डा बुजवू नये. मांस-मासळी मात्र खड्ड्यात नको, घूस उकरते.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. गाडीवरच्या कन्नड सूचनेत ओल्या कचऱ्याला ‘हसी कस’ आणि सुक्या कचऱ्याला ‘ओण कस’ म्हणतात. कन्नडमधला ‘कस’ म्हणजे कचरा, आणि आपल्या मराठीत जमिनीचा कस म्हणजे तिचे बळ. आमच्या परड्यात वर्षाकाठी कन्नड कसाचा मराठी कस होतो, असे माझे यजमान म्हणतात.

निपाणीकर

आमच्या भागात तंबाखूचा चुरा सहज मिळतो. तो डब्याच्या तळाशी टाकला तर झुरळ आणि माशी दोन्ही लांब राहतात, असा जुन्या मंडळींचा अनुभव आहे. फुकटात होणारे काम आहे, करून पाहावे.

टिळकवाडीतील निवृत्त शिक्षक

माफ करा, पण या एका सल्ल्याशी मी सहमत नाही. तंबाखूतील निकोटीन कीटकांना मारते, हे खरे आहे, आणि म्हणूनच पूर्वी शेतीत त्याचा अर्क फवारत असत. पण तेच निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि ओल्या तंबाखूतून ते कातडीवाटे अंगात भिनते. तंबाखूच्या ओल्या पानांत काम करणाऱ्यांना मळमळ आणि चक्कर येते ती याच कारणाने. ओल्या डब्यातला चुरा हाताळणे किंवा दीड वर्षाच्या मुलीच्या हाती तो लागणे, दोन्ही धोक्याचे आहे. निपाणीत त्याचे पीक निघते म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

निपाणीकर

मान्य आहे, सर. आमच्या घरात लहान मूल नसल्यामुळे तो विचार मनात आला नव्हता.

चिकोडीहून, औषध दुकानदार

डबा कशाने धुवावा, या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे आणि त्यात एक गंभीर धोका आहे, म्हणून लिहितो. आमच्या दुकानात पावसाळ्यात लोक ब्लीचिंग पावडर, फिनाईल आणि न्हाणीघर घासण्याचे ॲसिड तिन्ही एकदम घेऊन जातात, आणि सगळे एकत्र केले की स्वच्छता तिप्पट होते अशी अनेकांची समजूत असते. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दार बंद करून मोरीत बसलेल्या माणसाची छाती त्याने क्षणात भरून येते. ब्लीचिंगमध्ये अमोनिया मिसळला तरी विषारी वायू तयार होतो, आणि लघवी लागलेल्या डायपरच्या डब्यात अमोनिया असतोच. तेव्हा एका वेळी एकच वस्तू वापरावी, ती पाण्याने पूर्ण धुऊन टाकावी, आणि हे काम उघड्यावर करावे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अळ्या असल्यास कढत पाणी ओतून दहा मिनिटे थांबावे. अळ्यांना मारायला कोणत्याही औषधापेक्षा तेच खात्रीचे आहे. पातळ प्लास्टिक उकळत्या पाण्याने वाकते, म्हणून पाणी चुलीवरून उतरवून जरा थांबून ओतावे. नंतर भांड्यांचा साबण आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन चिकटा पूर्ण निघेपर्यंत घासावे. ही पायरी टाळून कितीही ब्लीच ओतले तरी ते वाया जाते, कारण क्लोरीनची ताकद आधी त्या चिकट्यावरच खर्च होते आणि जंतूंपर्यंत काही उरत नाही. चिकटा निघाल्यावर एक लिटर पाण्यात साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, द्रव ब्लीच घालून त्याने सगळीकडून ओले करावे, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डबा पालथा घालून वाळवावा. हे पाणी रोजच्या रोज ताजे करावे. कालचे मिश्रण आज निकामी झालेले असते. ब्लीचिंग पावडरचा पुडाही पावसाळ्यात उघडा राहिला तर दमट हवेने महिन्याभरात कमकुवत होतो.

एवढे सगळे आठवड्यातून एकदा पुरे आहे. रोज फक्त विसळून कोरडे करावे. कोरडे करणे हे धुण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे; ओला डबा धुतलेला असला तरी माशीला तो चालतो. यासाठी आतल्या बादल्या दोन ठेवाव्यात, म्हणजे एक वापरात असताना दुसरी वाळत राहते. शंभर-दीडशे रुपयांचा हा खर्च आमच्या दुकानातल्या सगळ्या बाटल्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे, हे मी दुकानदार असूनही सांगतो. बाहेरच्या बादलीचे झाकण कधी उताणे ठेवू नये. त्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतात.

डायपरमधील विष्ठा आधी शौचकुपात टाकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळावे आणि वेगळे द्यावे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ते गुंडाळून सुक्या कचऱ्यात देण्यास सांगितले होते. ओल्या डब्यातून डायपर निघाले तर वास निम्म्याने कमी झाल्याचे आपणांस जाणवेल.

चिलटांसाठी पेल्यात बोटभर व्हिनेगर किंवा पिकून काळ्या झालेल्या केळ्याचा तुकडा व थोडे पाणी घेऊन त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा. साबणामुळे पाण्याचा पृष्ठभाग त्यांना पेलत नाही आणि ती बुडतात. मात्र मोरीच्या भिंतीवर बसणारी, लोकरीसारखे पंख असलेली इवली माशी ही वेगळी. ती नळीतल्या बुळबुळीत चिकट्यात वाढते. रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावावी. सकाळी तिच्यावर माश्या आढळल्या तर डब्याला दोष न देता मोरीची नळी ब्रशने घासावी.

उंदराच्या औषधाबाबत आपली भीती योग्य आहे. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो फिरत राहतो, मांजर त्याला पकडते आणि विष तिच्याही पोटात जाते. नळीत मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर लहान मुलांच्या घरात मुळीच नको, कारण तिच्यावर उतारा नाही. घरात फिनाईल वापरायचेच असेल तर काळे फिनाईल टाळावे. त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत आणि फरशीवरून पंजे चाटताना ती तिच्या पोटात जातात. घूस प्लास्टिक कुरतडते, पत्रा कुरतडत नाही. म्हणून तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घेऊन त्याला कडीचे झाकण बसवून घ्यावे. मागच्या दाराखालची फट मोजावी. करंगळीएवढ्या फटीतून लहान उंदीर आरामात आत येतो. बाहेरची बादली धुताना रबरी हातमोजे आणि पायांत चप्पल असू द्यावी, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि जखम असलेल्या पायाला पावसाळी चिखलात तो सहज होतो.

अनगोळची गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही दिवस करून पाहिल्याखेरीज लिहिणे योग्य वाटले नाही.

सरांचा तर्क अक्षरशः खरा ठरला. आतली बादली काढून विजेरी लावली तर कवचाच्या तळाशी दोन बोटे काळपट पाणी होते आणि त्यात जे काही वळवळत होते, त्याचे वर्णन इथे करत नाही. गेली दोन वर्षे मी रोज बादली धुत होते आणि त्या कवचाकडे एकदाही पाहिले नव्हते. माझ्या ‘ह्यांनी’ त्याच संध्याकाळी तापलेल्या खिळ्याने कवचाच्या तळाला चार भोके पाडली आणि खाली जुनी ताटली ठेवली. आता काही ओघळले तर ताटलीत दिसते. त्यानंतर भिंतीवर एकही अळी दिसलेली नाही.

तूस येळ्ळूरच्या नातेवाइकांकडून अर्धे पोते मिळाले. चाळणीची रीत सासूबाईंनी स्वतःकडे घेतली आहे आणि आता कोणी थेट डब्यात चोथा टाकला तर त्याची खैर नसते. डायपर वेगळे केल्याचा फरक दुसऱ्याच दिवशी जाणवला. दोन आतल्या बादल्या घेतल्या, पण सलग चार दिवस झड लागली तेव्हा दुसरी बादलीही वाळेना. शेवटी ती पुसून फ्रीजच्या मागच्या उबेला पालथी ठेवली, तिथे ती रात्रभरात कोरडी होते. पेल्यात चिलटे पहिल्या रात्री तीस-पस्तीस तरी बुडाली असतील, आता रोज चार-दोन दिसतात. केळी टोपलीऐवजी जाळीच्या कपाटात ठेवल्याचाही तो परिणाम असावा.

गाडीची वेळ साधत नव्हती, त्यावर शेजारच्या काकूंशी बोलून तोडगा काढला. एक आठवडा त्या दोन्ही घरांचा कचरा देतात, दुसऱ्या आठवड्यात आम्ही लवकर उठून देतो. उंदराच्या औषधाचा विषय त्यांच्या डोक्यातून काढायला मात्र चिकोडीच्या दादांचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा लागला.

घूस अजून येते. तेलाच्या पत्र्याच्या डब्यामुळे तिला काही मिळत नाही, पण रात्री दोनच्या सुमारास ती डबा ढकलते आणि आवाजाने मुलगी उठते. डबा भिंतीला तारेने बांधावा की विटांवर उंच ठेवावा?

खानापूर तालुक्यातून

दोन्ही करावे. विटांवर ठेवला की तळ गंजत नाही आणि खाली झाडता येते. तारेने बांधला की आवाज थांबतो. आसपास भिंतीच्या पायथ्याशी मातीचा ताजा ढीग आणि मुठीएवढे भोक दिसते का, तेही पाहावे. दिसले तर संध्याकाळी त्यावर वर्तमानपत्राचा बोळा हलकेच ठेवावा. सकाळी बोळा हललेला असेल तर बीळ चालू आहे, आणि त्याच्या तोंडाशी सुक्या बांगड्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवावा. मांजर त्या रात्री घरात कोंडून ठेवावी, नाहीतर आमच्याकडे झाले तसे सकाळी पिंजऱ्यात तीच बसलेली सापडेल.